हद्दीवर झालेली पोर

"पण चाचा, पुढचं चाक हद्दीत आणि मागची दोन हद्दीबाहेर, तर मग बाळ कुणाचं?"

विचारणारे होते शेवरगावचे नवे नगराध्यक्ष, निरंजनराव पाटणे. शिकलेले वकील. निवडून येऊन महिनाही झाला नव्हता, पण कायद्याचं पुस्तक काखेतून खाली उतरत नव्हतं.

आणि ज्यांना विचारलं ते दस्तगीरचाचा. तीस वर्षं नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. जकात बंद झाली, नाका ओस पडला, पण चाचा त्याच खोलीत राहिले. गावात काही अडलं की लोक आपले तिकडंच जातात. अध्यक्षांनाही एकदा जावं लागलं, याचा मला तरी फार आनंद झाला.

"कुणाचं म्हणजे? आईचं," चाचा म्हणाले.

आई समोरच बाकड्यावर बसली होती. शालन तिचं नाव. पोरगी मांडीवर. बाळंतपणाला ती माहेरी, शेजारच्या बोरखडीला गेली होती. दवाखान्यात आणताना रिक्षा नेमकी हद्दीच्या दगडावर बंद पडली आणि पोरगी तिथंच झाली. तेव्हापासून नगरपालिका म्हणे, बोरखडीत नोंदवा. बोरखडीचा ग्रामसेवक म्हणे, नगरपालिकेत जा. जन्माच्या नोंदीला एकवीस दिवसांची मुदत असते, ती आज संपत होती. पुढं मग दंड, प्रतिज्ञापत्र आणि नुसत्या चकरा.

अशा वेळी आमच्या अध्यक्षांनी काय करावं? रिक्षा मोजली. रिक्षावाल्याला बोलावून ती पुन्हा त्याच दगडावर उभी केली आणि टेप लावून दोनदा मोजली.

"मागची सीट पूर्ण बोरखडीत येते," ते म्हणाले. "हद्दीबाहेर माझा अधिकार चालत नाही. शेरा मारायला अर्ज माझ्याकडं आलाय. काय मारू, सांगा."

"हद्दीबाहेर अधिकार नाही, खरंय," चाचा म्हणाले. "आणि हद्दीत?"

"हद्दीत अधिकार आहेत, कर्तव्यंही आहेत. दिवाबत्ती, पाणी, गटारं, झाडलोट, जन्ममृत्यूची नोंद. सगळी पाठ आहेत मला."

"सगळी?"

"सगळी."

"माशाल्ला. मग त्यातलं एक जरा धरा."

असं म्हणून चाचांनी शालनच्या मांडीवरची पोरगी अलगद उचलली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. पुस्तक खाली पडलं. ते कुणी उचललं नाही.

"मान धरा साहेब, मान," शालन घाईनं म्हणाली.

अध्यक्षांनी मान धरली. चाचा आत जाऊन चहा ठेवू लागले.

...

"चाचा, मला बैठकीला जायचंय."

"आधण आलं नाही अजून."

पोरीनं अध्यक्षांचं बोट पकडलं होतं. ते सोडवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. मग केला नाही.

"चाचा," बऱ्याच वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही इथं तीस वर्षं गाड्या अडवल्या. हद्दीवर आलेल्या मालाचं काय करायचा?"

"माल कुठून आला, कुठं भरला, याच्याशी नाक्याला काय घेणंदेणं? कुठं उतरणार, एवढंच विचारायचो. गावात उतरणार म्हटलं की गावचा."

...

अध्यक्ष शालनकडं वळले. "तुम्ही राहता कुठं?"

"तेली गल्लीत. तुमच्याच मागच्या बोळात," शालन म्हणाली. "मतसुद्धा तुम्हालाच दिलं होतं."

वीस दिवसांत हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कमाल आहे की नाही? टेप मात्र दोनदा लावून झाली होती.

"पण कायद्यात राहण्याचं ठिकाण वेगळं आणि जन्माचं..." अध्यक्षांनी सुरू केलं आणि मध्येच थांबले.

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा छातीपासून पोटापर्यंत ओला होत चालला होता. पोरगी निवांत होती.

"अगं बाई," शालन उठली, "द्या साहेब, द्या इकडं."

"असू दे," अध्यक्ष म्हणाले.

आणि हसायला लागले. निवडणुकीच्या फोटोतसुद्धा न हसलेला माणूस तो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. शालन तोंडाला पदर लावून हसली. चहा उतू गेला तरी चाचा हसत होते.

शेवटी एका हातानं पोरगी सांभाळत अध्यक्षांनी दुसऱ्या हातानं खिशातून अर्ज काढला. तोही अर्धा भिजलेला.

"जन्माचं ठिकाण शेवरगाव लिहितो," ते म्हणाले. "पण चाचा, उद्या कुणी विचारलं, कशावरून, तर कागदावर काही पुरावा नको का?"

चाचांनी अर्ज उजेडात धरला. ओल्या डागाकडं नीट पाहिलं. मग तो त्यांच्यासमोर ठेवला, वर आपलं पेन ठेवलं.

"शिक्का तिनं मारलाय. तुम्ही नुसती सही करा."