एकाच अंगठ्याचा सारीपाट

हेमावती नगरीत सकाळी दवंडी पिटली गेली, आणि दुपारी एकाही खेळाडूच्या घशाखाली घास उतरला नाही. राजा रणधवलाच्या कारखान्यात नवा सारीपाट तयार झाला होता: मखमली पट, हस्तिदंती फासे, चार रंगांच्या लखलखत्या सोंगट्या. मात्र घेणाऱ्याने पटाच्या कोपऱ्यावरील लाखेत आपला अंगठा उमटवायचा, आणि तो अंगठा ज्याचा, त्याच्याखेरीज अन्य कोणी त्या पटाच्या सोंगटीला वा फाशाला हात लावायचा नाही. पट विकायचा नाही, उसना द्यायचा नाही, मुलाला वारशानेही द्यायचा नाही. जुन्या पटांची दुकाने पौर्णिमेपर्यंत बंद व्हावीत. त्यानंतर सापडेल तो माल चव्हाट्यावर जाळला जाईल.

नगरात असे दुकान एकच होते, येसू जिनगरणीचे. कंटाळलेल्यांचे पट ती विकत घेई, फाटलेली शिवण नीट करी, सोंगट्यांना ताजा रंग चढवी आणि नवशिक्यांना देई. तिच्या पोटाला दुसरा आधार नव्हता.

संध्याकाळी खेळाडूंची सभा भरली. गणोजी तेल्याने कारखान्याचा असा उद्धार केला, की शेजारच्या पुजाऱ्याने देवळाचे दार लावून घेतले. शेवटी येसूने सर्वांकडून शपथ घेववली: नवा पट कोणी घेणार नाही, आणि जो घेईल त्याच्याशी कोणी खेळणार नाही. वीस हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच कारखान्याच्या दारात रांग लागली. डोक्यावरून घोंगडी ओढून येसू तिसरी उभी होती. पुढच्या माणसाच्या अंगाला तेलाचा वास येत होता.

"गणोजी?"

पुढचे मुंडासे दचकले. "येसूबाई, मी आपला बघायला आलोय. शपथ कोण कोण मोडतं ते."

"मीही त्याचसाठी आले."

"मग घोंगडी कशाला?"

"थंडी आहे."

"चैत्रात?"

येसूने घोंगडी खाली घेतली आणि मागे वळून पाहिले. कालची अवघी सभा रांगेत उभी होती, आणि जो तो दुसऱ्यावर पाळत ठेवायला आलेला होता. तिला हसू आवरेना. "काल शपथ घेतली वीस जणांनी," ती म्हणाली, "आणि आज आलोय एकवीस. एकजण शपथ घ्यायचा राहिला होता वाटतं."

मग ती रांगेतून बाहेर पडली. पाऊल उचलताना जीव कसा तुटला, हे तिने कोणाला सांगितले नाही. ती थेट दरबारात गेली.

"महाराज, सारीपाट हा दोघांचा खेळ. समोरच्यानं हातच लावायचा नाही, तर हा हुकूम पाळून डाव व्हायचा कसा?"

कारखान्याचे कारभारी नरहरपंत म्हणाले, "समोरच्याने आपला पट घेऊन यावे."

"आणि दोन पटांवर एकमेकांच्या सोंगट्या मारायच्या कशा, पंत? निरोप धाडून?"

दरबारात कोणीतरी खोकला. राजाच्या भुवया चढल्या. "माझा हुकूम पाळता येत नाही, असं म्हणणारी तू पहिलीच. उद्या इथेच, माझ्या पटावर माझ्याशी खेळ. हुकूम तंतोतंत पाळायचा आणि डाव पुरा करायचा. पुरा झाला, तर दुकान तुझं. तुझं बोट लागलं किंवा डाव अर्धवट राहिला, तर उद्याच होळी."

"डाव मध्येच कोणी सोडायचा नाही ना, महाराज?"

"कोणीही नाही. मीसुद्धा."

त्या दिवशी खेळाडूंनी तिला भरघोस सल्ले दिले. कोणी चिमटा आणला, कोणी पोपटाला शिकवायला सांगितले. येसू म्हणाली, "पोपटाला सारीपाटाचं वेड लागलं, तर त्याचीही शपथ सांभाळत बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. राजाने फासे टाकले, आपली काळी सोंगटी हलवली आणि फासे येसूपुढे सरकवले. तिने दोन्ही हात पदराआड घेतले.

"टाका, महाराज."

"पाळी तुझी आहे."

"पाळी माझी, पण फासे तुमचे. माझा हात लागायचा नाही. माझ्या वतीनं तुम्हालाच टाकावे लागतील."

नरहरपंत लगबगीने पुढे झाले. "मी टाकतो."

"पंत, त्या लाखेत अंगठा तुमचा आहे का?"

पंत मागे सरले. राजाने दात आवळून फासे टाकले, आणि तिच्या नावाने भलेमोठे दान पडले.

"लाल सोंगटी, तेरा घरं," येसू म्हणाली. "अजून एक, महाराज. तुम्ही बाराच मोजलीत."

राजाच्या हाताने त्या दिवशी राजाशीच वैर धरले. स्वतःसाठी टाकी तेव्हा क्षुल्लक दान पडे. येसूसाठी टाकी तेव्हा फासे उदार होत. थोड्याच वेळात लाल सोंगटी काळीवर जाऊन बसली.

"आता मारा, महाराज."

"कोणाला?"

"तुम्हाला."

राजाचा हात थबकला. पण डाव न सोडण्याचा शब्द त्याचाच होता. त्याने आपली सोंगटी मारली, मग दुसरी मारली, आणि मध्यान्ह होता होता येसूची शेवटची सोंगटीही स्वतःच्या हाताने घरी पोहोचवली. लाल रंग जिंकला होता.

"माझा पट, माझे फासे, माझाच हात," राजा पुटपुटला. "मग मला हरवलं कोणी?"

"मी तर बोटही लावलं नाही," येसू म्हणाली. "तुमच्या हुकुमानं तुम्हाला हरवण्याचा मान या राज्यात एकट्या तुम्हाला आहे, महाराज. आणि आम्ही खेळाडू असे वेडे, की घरोघरी स्वतःशीच हरत बसू आणि तरी नव्या पटासाठी पहाटे रांग लावू."

राजाच्या मिशा थरथरल्या आणि दरबार त्याच्या हास्याने दणाणून गेला. हुकूम त्याच क्षणी रद्द झाला. कट्यारीच्या टोकाने लाखेवरचा अंगठा खरवडून राजाने तो पट येसूपुढे धरला.

"घे. आता हा जुना झाला. काय सांगून विकशील?"

"खरं तेच, महाराज. एकदाच खेळलेला, आणि तोही दोन्ही बाजूंनी एकाच माणसानं."

राजा इतका हसला, की सिंहासनावरून उतरून त्याला पायरीवर बसावे लागले. आणि बसल्या बसल्याच त्याने राजवाड्याच्या दारालगतची जागा येसूच्या दुकानाला लिहून दिली.