शेकरूचा दिवस

मुलांनो, डोंगरमाथ्यावरच्या एका जंगलाची ही गोष्ट. सकाळी ते जंगल निम्मं धुक्यात बुडालेलं असे. खालून पाहिलं तर झाडांना शेंडे नसत, वरून पाहिलं तर झाडांना बुंधे नसत. तिथल्या एका उंच हिरड्यावर एक तरुण शेकरू आपल्या आईजवळ राहत असे. शेकरू म्हणजे आपल्या खारीची थोरली, तांबूस, झुबकेदार शेपटीची बहीण. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत तिचा जन्म जातो, जमिनीला तिचे पाय क्वचितच लागतात.

हे शेकरू स्वभावाने भित्रं होतं. पलीकडच्या झाडावर सुतारपक्ष्याने टकटक केली तरी ते फांदीला चिकटून बसायचं आणि त्याला वाटत राहायचं की आता काहीतरी होणार. काहीच होत नसे. मग ते हळूच एक डोळा उघडून बघायचं. आईचा पुढचा पाय गरुडाच्या झडपेत अधू झाला होता. तिला लांब उडी जमत नसे. म्हणून रोज अंधार पडायच्या आत शेकरू तिच्यासाठी उंबरं घेऊन यायचं आणि दोघं एकमेकांना टेकून, खालचं रान हळूहळू निळं होताना बघत ती खायची.

त्या जंगलात एक रीत होती. पाऊस सरला की एका सकाळी सगळे प्राणी मोठ्या जांभळीखाली जमत. त्या वर्षी वयात आलेल्या प्रत्येकाने पुढे येऊन आपलं काम बोलायचं. एकदा बोललेला शब्द पुढच्या पावसापर्यंत बदलायचा नाही. जो काहीच बोलणार नाही त्याला म्हातारा गवा उरलेलं काम देई. यंदा पाणवठ्यावरचा चिखल उपसायचं काम उरलं होतं. ते करणाऱ्याला पाणवठ्याशीच राहावं लागे, रात्रंदिवस, जमिनीवर. आणि यंदा शेकरू वयात आलं होतं.

त्याची झोप उडाली. झोप लागलीच तर स्वप्नात चिखल यायचा, मऊ आणि थंड, आणि त्यात आपले पाय कुठे गेले ते दिसायचं नाही. शेवटी एका सकाळी ते जीव मुठीत धरून झाडावरून उतरलं आणि काम शोधायला निघालं.

आधी ते मुंग्यांच्या वारुळापाशी गेलं. मुंग्यांचं काम म्हणजे पक्कं काम, असं जंगलात सगळेच म्हणत. उन्हाळ्यात इतरांची पोटं खपाटीला जातात, पण मुंग्यांच्या कोठारात दाणा असतो. मोठ्या मुंगीने शेकरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओळीत लागायचं आणि ओळ सोडायची नाही," ती म्हणाली, "बाकी आमच्याकडे कसलाच त्रास नाही."

आणि खरंच कसलाच त्रास नव्हता. शेकरू दाणा उचलायचं, चालायचं, दाणा ठेवायचं. मागच्या मुंग्या त्याच्या शेपटीखाली अडकत, हे शेपूट आहे की पांघरूण, असं एकमेकींना विचारत, पण रागावत नसत. त्याचं काम चोख होतं. फक्त ऊन डोक्यावर आलं की त्याला काहीतरी व्हायचं. एरवी त्या वेळी ते एखाद्या आडव्या फांदीवर पोट टेकून, चारी पाय दोन्हीकडे लोंबते सोडून पडलेलं असायचं. पानांतून ऊन झिरपायचं, फांदी झुलायची, आणि आपण जागे आहोत की झोपलेले हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. आता त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्या मुंगीची पाठ असायची. त्या पाठीपुढे आणखी एक पाठ.

घराशेजारच्या साळुंकीला हे कळलं तेव्हा ती मुद्दाम हिरड्यावर येऊन बसली. मुंग्यांकडे लागलं म्हणजे लेकराचं भाग्य उघडलं, तिच्या बहिणीच्या पोराला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, आता कशाकशाला नाकं मुरडू नयेत, असं ती बराच वेळ सांगत राहिली. शेकरूची आई ऐकत होती. "हो, मुंग्या चांगल्या आहेत," एवढंच ती म्हणाली.

मग वाटेत कोल्हा भेटला. कोल्हा रोज नव्या रानात जाई आणि जिथे जाई तिथे त्याला बसायला सावली आणि चघळायला काहीतरी मिळे. त्याला एक सोबती हवा होता. तो पोचायच्या आधी पुढे जाऊन, कोल्होबा येत आहेत, असं सांगणारा. "मुंग्यांत राहून मुंगी होशील," तो शेकरूला म्हणाला. "माझ्याबरोबर चल. चार जण तुला ओळखतील."

मुंग्यांना सांगून शेकरू काही दिवस त्याच्याबरोबरही गेलं. नवी रानं सुंदर होती, हे खोटं कशाला सांगा. फुललेल्या कारवीच्या झुडपांतून जाताना सगळीकडे जांभळा उजेड पसरल्यासारखा वाटायचा. एका झऱ्याचं पाणी तर इतकं गोड होतं की ते आईला कसं न्यावं, याचाच विचार शेकरू करत बसलं. पण पुढे जाऊन कोल्होबा येत आहेत हे सांगायची वेळ आली की ते अडखळे. ते कसंबसं बोलून टाके आणि जवळच्या झाडावर चढून बसे. कोल्हा खालून म्हणे, अरे, जरा ऐटीत सांगत जा, मी कुणी लहानसहान नाही.

एकदा परतायला फार उशीर झाला. शेकरू धापा टाकत हिरड्यावर पोचलं तेव्हा रान काळं झालं होतं. आई जागी होती. तिच्याजवळच्या फांदीची साल कुरतडलेली होती. दिवसभर तिने तेवढंच खाल्लं होतं. "ये, झोप आता," म्हणाली आणि सरकून जागा करून दिली. शेकरूला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

जांभळीखाली जमायचा दिवस जवळ आला. मुंग्या म्हणत होत्या, आमचं नाव घे. कोल्हा म्हणत होता, माझं घे. शेकरूचं काही ठरत नव्हतं. ठरत नसलं की शेकरूंना एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे घरटं बांधणं. शेकरू एकाच घरट्यावर कधी थांबत नाहीत, जिथे वावर असेल तिथे एखादं बांधून ठेवतात. त्याप्रमाणे याने एक घरटं वारुळाशेजारच्या खुज्या झाडावर बांधायला घेतलं आणि दुसरं कोल्ह्याच्या बिळावर झुकलेल्या झाडावर. दोन्ही नीट बसेनात. पहिल्याची फांदी फारच खाली होती, दुसऱ्याची वाऱ्यावर इतकी हलायची की रचलेल्या काड्या खाली कोल्ह्याच्या पाठीवर पडायच्या.

तोंडात काड्या धरून ते पुन्हा निघालेलं पाहून आईने त्याला थांबवलं आणि काय चाललंय ते विचारलं. शेकरूने सगळं सांगितलं. सांगता सांगता काड्या एकेक करून खाली गळून गेल्या.

आईने खाली पडलेल्या काड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरटं बांधताना आपण आधी काय बघतो?"

"फांदी."

"आणि तू काय केलंस? आधी काड्या उचलल्यास, मग त्या कुठल्या फांदीवर बसतात ते बघत फिरतंयस. कामाचंही तुझं तसंच झालंय बाळा. आधी काम धरतंस आणि मग त्यावर आपला दिवस कसाबसा अडकवायला बघतंस." तिने त्याला जवळ ओढलं. "कामाचं राहू दे. डोळे मीट आणि मला तुझा दिवस सांग. तुला हवा तसा."

शेकरूने डोळे मिटले. सुरुवातीला काहीच दिसेना, नुसतं पांढरं. मग कळलं की ते धुकंच आहे आणि ते हळूहळू वर उठतंय. त्यातून एकेक शेंडा बाहेर आला, जणू पाण्यातून डोकी वर यावीत तसा. शेकरू सांगू लागलं. उजाडताना मी उंच फांदीवर असेन. मग उड्या मारत सगळं रान फिरून येईन, उंबर, पायर, आवळी, भोकर, सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून. ऊन डोक्यावर आलं की झोपेन, पाय लोंबते सोडून. कुणी हाक मारणार नाही. कलत्या उन्हात तुझ्यासाठी उंबरं तोडेन. अंधार पडेल तेव्हा इथे असेन.

त्याचा आवाज इतका शांत झाला होता की आईला वाटलं, झोपलंच. पण ते पुढे म्हणालं, "मधे एक जागा रिकामी आहे. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतची. तिथे मी नुसतंच फिरतंय."

"मग तेवढ्या जागेत मावेल असं काम शोध," आई म्हणाली. "आता झोप."

दुसऱ्या दिवशी शेकरू पुन्हा खाली उतरलं, पण आता ते कुणाला काम आहे का म्हणून विचारत नव्हतं. सकाळच्या वेळी वरून तुम्हाला काही हवं असतं का, असं ते विचारत होतं. साळिंदराने झोपेतच नाही म्हटलं. रानडुक्कर हसलं, वरून आम्हाला एकच नको असतं, म्हणालं, फांदी. पण ओढ्याकाठी दोन पाडसांना घेऊन थांबलेली भेकर हरणी विचारात पडली. ती थकलेली दिसत होती. कुठल्या झाडाखाली फळ पडलंय ते आम्हाला खालून कळत नाही, तिने सांगितलं. धुक्यात वास पसरत नाही. आवळीपर्यंत चालत जावं तर फळ हिरवं, तिथून उंबरापर्यंत जावं तर ते संपलेलं. पाडसं अर्ध्या वाटेत बसून घेतात.

शेकरूला नवल वाटलं. "ओढ्यापलीकडचा उंबर कालच पिकला," ते म्हणालं. "आवळीला अजून अवकाश आहे."

भेकर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने विचारलं, हे तुला रोज माहीत असतं का? शेकरूने मान हलवली. हे कुणाला माहीत नसेल, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

जमायचा दिवस उजाडला. जांभळीखाली ही गर्दी. सशाच्या पोराने निरोप पोचवायचं काम बोललं, कावळ्याच्या पोरीने झाडलोटीचं. मग शेकरूचं नाव आलं. ते पुढे झालं. एवढे डोळे एकदम त्याच्याकडे वळले. तेवढ्यात अंगावर एक पान पडलं आणि ते दचकून बुंध्यावर चढलं. हशा पिकला. गव्याने ओरडून सगळ्यांना गप्प केलं नाही. तो नुसता थांबून राहिला आणि मग हसू आपोआप विरलं.

शेकरूने बुंध्यावरूनच सांगितलं. रोज सकाळी मी शेंड्याशेंड्यांवरून रान फिरेन आणि कुठे काय पिकलंय ते खाली ओरडून सांगेन. काही पिकलं नसेल तर तेही सांगेन, म्हणजे कुणाची उगाच पायपीट होणार नाही.

"हे काय काम झालं?" कोल्हा म्हणाला. "झाडावर बसायचं आणि ओरडायचं. ते तर माकडंही करतात."

"या कामाचं नाव काय?" गव्याने विचारलं. असं काम आजवर कुणी बोललं नव्हतं.

"नाव माहीत नाही," शेकरू म्हणालं. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "वेळ माहीत आहे. उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत."

गवा बराच वेळ रवंथ करत राहिला. मग त्याने सावकाश समजावलं की मुंग्यांच्या कोठारातला दाणा यात मिळणार नाही, आणि कोल्ह्यामागून चालताना मिळतो तो मानही. उन्हाळा कडक असतो. शब्द पुढच्या पावसापर्यंत बदलता येणार नाही. कबूल आहे का?

शेकरूने मुंग्यांकडे पाहिलं. उन्हाळ्याची भीती त्यालाही होतीच. "कबूल," ते म्हणालं.

"आणि हे काम हवंय कुणाला?"

जांभळीवरून धुक्याचे थेंब टपटपत होते. मग गर्दीतून भेकर पुढे आली. तिची पाडसं तिच्या पायांत घुटमळत होती. "आम्हाला हवंय," ती म्हणाली. तिच्यामागून पिसोरी आली, एवढीशी, ठिपक्याठिपक्यांची हरणी, आणि तिच्यामागून, जरा लाजत, रानडुक्कर.

दुसऱ्या दिवशी धुकं उठायच्या आतच वरून एक खणखणीत आवाज आला. मुंग्यांच्या रांगेत जे मुकाट चालत होतं, कोल्ह्याची वर्दी देताना जे अडखळत होतं, त्याचाच तो आवाज. फक्त तो उंचावरून येत होता आणि ओरडणारं कुणाला दिसत नव्हतं. "पायरच्या झाडाखाली फळांचा सडा पडलाय," तो सांगत होता, "आज पायरखाली या." खालच्या पांढऱ्या धुक्यात कुठेतरी खुरांची सावकाश चाल सुरू झाली.

दुपारी साळुंकी हिरड्यावर आली. शेकरू आडव्या फांदीवर पोटावर पडलं होतं. पाय लोंबत होते, शेपूट वाऱ्यावर हलत होतं, अंगावर उन्हाचे कवडसे सरकत होते. साळुंकीने आवाज खाली आणून आईला विचारलं, "लेकरू कामाला लागलं म्हणे. मग इथे कसं?"

"कामावरून आलंय," आई म्हणाली. "हळू बोल. संध्याकाळी उंबरं आणायला जायचंय त्याला."

तात्पर्य : काम कितीही पक्कं असो वा मानाचं, ते आपल्या दिवसात मावतं का ते आधी पाहावं. आपला दिवस कसा हवा आणि त्यासाठी काय सोडावं लागेल हे ज्याला उमगलं, त्याला आपलं काम सापडायला वेळ लागत नाही.