बटणावरची वाटी

"मग यानाला अजून दोन इंजिनं लावू का, मास्तर?"

"आहेत किती?"

"चौदा," नंदिनी म्हणाली.

कीबोर्डवर बसलेलं पीठ मास्तरांनी हळूच फुंकलं.

कुंभोजकर मास्तर तीस वर्षं आयटीआयमध्ये लेथ शिकवून निवृत्त झाले होते. आता पुतण्याच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून ते कॉम्प्युटरवर अवकाशयानं बांधत आणि उडवत. खेळच तो, पण त्यांचं उड्डाण बघायला पोरं पार पुण्याहून येत. एक इंजिन, एक टाकी, एक आसन. उभं असताना हसू यावं इतकं साधं यान, आणि वर जाताना बघणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी असं त्याचं जाणं.

नंदिनी खोतला ते यान नुसतं साधंच वाटलं होतं. ती एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, कॉलेजच्या स्पर्धेत पहिली आलेली. 'मदत' हा शब्द तिनं फोनवरही उच्चारला नव्हता. "माझं यान दाखवायला येते," एवढंच म्हणाली होती.

खरी गोष्ट अशी, की तिची आत्या वर अडकली होती.

खेळातल्या अंतराळवीराला तिनं आत्याचं नाव दिलं होतं. आत्या एसटीत कंडक्टर. "सगळा जिल्हा फिरून झाला, आता वर पाठव," असं आत्यानंच सांगितलेलं. अकरा दिवस ती इंजिन नसलेल्या कुपीत, यानाच्या नुसत्या बसायच्या डब्यात, पृथ्वीभोवती फिरत होती. खेळ तिथंच साठवला गेला होता, त्यामुळं मागं जाऊन चूक पुसायची सोय नव्हती.

"काय गं, मी अजून वरच का?" आत्या रोज फोनवर विचारायची आणि हसायची.

सोमवारी आत्याचं हृदयाचं ऑपरेशन होतं. आज शनिवार. त्याआधी तिला खाली आणायचंच, असं नंदिनीनं मनाशी ठरवलं होतं. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

"तिचं इंजिन कुठं गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"इंधन संपलं… म्हणून सोडून दिलं."

मास्तरांनी स्क्रीनकडं पाहिलं. मग तिच्या हातांकडं पाहिलं.

"हं. चार काढ."

"काढू? पण मग जोर कमी…"

"काढ की."

दहा इंजिनांचं यान उठलं, डुललं आणि कमरेत मोडलं.

"अजून काढ."

प्रत्येक इंजिन काढताना नंदिनीला आपलं एकेक सर्टिफिकेट फाडल्यासारखं वाटत होतं. शेवटी खाली तीन उरली, वर एक बारकं. आत एक रिकामं आसन, आत्यासाठी.

मास्तरांनी खिडकीतली स्टीलची वाटी उचलली आणि कीबोर्डच्या लांब बटणावर पालथी घातली. या खेळात ते बटण दाबलं की यानाचा खालचा टप्पा, इंजिन-टाकीसकट, सुटून जातो. सुटला तो सुटला.

"टप्पा सोडायचा असेल तेव्हा उचलायची," मास्तर म्हणाले. "एरवी नाही."

हे काय बालवाडीतलं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं इंजिनं पेटवली.

यान उठलं. डुललं नाही.

"नुसती उभी काय चाललीस? कल."

"इतक्यात?"

"थोडी थोडी. सायकल वळवतेस तशी."

ती कलली. आकाश काळं झालं. तिनं वाटी उचलली, टप्पा सोडला, वाटी परत ठेवली. यान पृथ्वीभोवती फिरू लागलं. आणि पुढं, चाळीस किलोमीटरवर, एक ठिपका. आत्या.

"जोर लावू? गाठते तिला."

"लाव."

तिनं जोर लावला. अंतर आधी घटलं. मग थांबलं. मग वाढू लागलं. साठ… ऐंशी…

"मास्तर, मी पळतेय आणि मागं पडतेय."

"वर चढलीस. वरचा फेरा लांबचा."

"मग?"

"तोंड फिरव. ब्रेक मार."

"ब्रेक?"

मास्तर चष्मा पुसत होते.

तिनं यान उलटं फिरवलं आणि इंजिन मोजकं पेटवलं. यान खाली उतरलं, आतल्या छोट्या फेऱ्याला लागलं. अंतर घटू लागलं.

"आता काय करू?"

"हात मांडीवर."

नंदिनीनं हात मांडीवर ठेवले. सत्तर… पन्नास… तीस…

खाली गिरणी सुरू झाली. पट्टा फाटकन वाजला.

तिचा हात उडाला आणि लांब बटणावर आपटला.

टण्ण.

वाटी होती.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मान काही वळवली नाही.

पुढचं सगळं तिनं सावकाश केलं. जवळ येताच वेग आत्याएवढा केला. आत्या कुपीतून बाहेर आली, तरंगत आली, आसनात बसली. नंदिनीनं पुन्हा ब्रेक मारला, इंजिन सोडून दिलं, वाटी परत ठेवली. आसन खाली निघालं. भोवती जाळ झाला, विझला. ढग दिसले.

आता उरली होती फक्त छत्री. तीही त्याच बटणावर. लवकर उघडली तर फाटणार, उशिरा उघडली तर…

"कधी दाबू, मास्तर?"

मास्तर वाटी उचलून खिडकीपाशी गेले होते. तिच्यातले पिठाचे कण झटकत पाठमोरे उभे होते.

"मास्तर…"

खाली गिरणी धडधडत होती. नंदिनीनं वेगाचा आकडा पाहिला. तो उतरू दिला. अजून उतरू दिला. मग बटण दाबलं, एकदाच.

छत्री उघडली.

आत्या समुद्रात उतरली, अलगद.

नंदिनीनं हात पुन्हा मांडीवर ठेवले.

"त्या दिवशी इंधन संपलं नव्हतं," ती म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. माझाच हात बटणावर पडला."

"कितवी शिट्टी?"

"तिसरी."

"मग भात झाला असेल."

"करपला."

मास्तरांनी मान डोलावली. वाटी धोतराच्या सोग्याला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"ही ने."

"बटणावर ठेवायला?"

"आमटीला."