गुरुजींचं विस्थापन

“...आणि निघालेला माणूस संध्याकाळी परत घरीच आला, तर?” लांघी गुरुजींनी विचारलं.

“तर विस्थापन शून्य,” तनुजा म्हणाली. “अंतर कितीही असो.”

दुसऱ्या दिवशी तिची विज्ञानाची चाचणी होती. धडा गतीचा. ती नववीत, खालच्या गावातल्या आश्रमशाळेत शिकायची. रविवारी वर वाडीत घरी आली, की अंगणात गुरुजींपुढे वही उघडायची. गुरुजी वाडीच्या शाळेतून निवृत्त झाले होते, तरी पोरांना शिकवायला रोज डोंगर चढून येत.

“उदाहरण दे.”

तनुजा हसली. सगळं येत होतं तिला, आणि येतं हे तिला माहीत होतं.

“तुम्हीच की, गुरुजी! तीन किलोमीटर वर, तीन खाली. बावीस वर्षं. अंतर केवढं झालं! पण विस्थापन...”

“किती?”

“शून्य. तुम्ही कुठंच गेला नाहीत.”

गुरुजी खळखळून हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“पक्कं झालंय तुझं,” म्हणाले. छत्री उचलली आणि उतरणीला लागले.

ओट्यावर तनुजाची आई, ठकूबाई, नाचणी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

“काय बोललीस गं त्यांना?”

“पुस्तकातलंच बोलले.”

ठकूबाईनं सूप बाजूला ठेवलं.

“ही पायवाट कुठं होती गुरुजी आले तेव्हा? नुसतं कारवीचं रान होतं, माणसाच्या डोक्याच्या वर. ते एकटे रोज चढायचे, रोज उतरायचे. आठ वर्षांनी त्यांच्या पायांखाली वाट मोकळी झाली. त्या साली तू पोटात आडवी होतीस. याच वाटेनं मला डोलीत घालून खाली दवाखान्यात नेलं... तुझ्या मोठ्या भावाच्या वेळी वाट नव्हती.”

तनुजाला मोठा भाऊ नव्हता.

तिनं वही मिटली. चप्पल न घालताच धावली.

दुसऱ्या वळणावर गुरुजी दगडावर बसले होते. छाती भात्यासारखी चालली होती.

“काय गं? काही राहिलं का विचारायचं?”

ती वाकली. गुरुजींच्या पायांपर्यंत पोहोचण्याआधीच हात वाटेच्या मातीवर टेकला... आणि तिथंच राहिला.

“आईनं सांगितलं,” ती म्हणाली.

गुरुजी खाली दरीकडे बघत राहिले.

“मी असते का हो, गुरुजी... तुम्ही चालला नसतात तर? माझं उत्तर चुकलं.”

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“उत्तर बरोबर आहे, पोरी. उद्या शून्यच लिही. माझ्यापायी मार्क घालवू नकोस.”