पाठीमागचा मोर

संस्थानात दसऱ्याची पैठणी दरसाल त्र्यंबक साळ्यांच्या मागावरची. यंदा राणीसाहेबांनी शेजारच्या गोदाची पैठणी उचलली आणि त्र्यंबकमामांच्या पोटात दुखू लागलं. घास गोड लागेना. शेवटी भर दरबारात ते उभे राहिले.

"सरकार, हिच्या पदरावरचा मोर माझा आहे. पोरीनं चोरला!"

दोन्ही पदर शेजारी मांडले. मोर खरंच सारखे होते. मामांची छाती फुगली.

गोदा म्हणाली, "सरकार, आता दोन्ही पदर उलटे करायला सांगा."

मामांनी वेळ वाचवायला एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत धागे तसेच ओढत नेले होते. मागे नुसतं जंजाळ लोंबत होतं. गोदानं मात्र प्रत्येक रंगाचा धागा जिथल्या तिथे अडकवला होता. तिचा मोर मागूनही तसाच देखणा.

"पुढचा मोर मी मामांचा चोरला असेल," गोदा म्हणाली, "पण मागचा मोर मामांकडे नाहीच. तो मी कुणाचा चोरला?"

राणीसाहेब हसल्या. दसऱ्याला त्या गोदाची पैठणी मुद्दाम उलटी नेसून आल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकट्या मामांना उलट्या दिशेला वळलेल्या मोरांच्या चोचींवरून ते कळलं, कारण त्यांची नजर त्या पदरावरून हलेचना.