शेवटच्या बाकावरची साक्ष

ख्रिस्ती महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीला एक अट होती: रविवारची उपासना चुकवायची नाही. समितीचे अध्यक्ष शलमोन पारधे यांनी सुवार्ता ओहोळचा अर्ज बाजूला सारला. शिष्यवृत्ती हुकली तर तिचं कॉलेजच सुटणार होतं.

"मी दर रविवारी पहिल्या बाकावर असतो. तू मला एकदाही दिसली नाहीस!"

"साहेब, आमच्या गावची एसटी उशिरा पोचते. मी शेवटच्या बाकावर बसते."

"असं? मग गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी कशावर उपदेश केला, सांग बघू."

पाळकसाहेब समितीतच बसले होते.

"क्षमेवर केला, साहेब. पण खरं-खोटं पाळकसाहेबांनाच विचारा. उपदेश सुरू झाला तशी तुमची मान छातीवर टेकली, ती थेट शेवटच्या गीतालाच वर आली."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. "दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या आहेत," ते म्हणाले.

पारधेसाहेब आधी लालबुंद झाले, मग स्वतःच हसत सुटले. अर्जावर झोकात सही करून म्हणाले, "पुढच्या रविवारपासून तू पहिल्या बाकावर बसायचं. मागे मी बसतो!"