साडेसहा औषधं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही. एका गाईचं नाव मात्र अजून आठवतं. तिचं नाव कवडी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भिवबा नावाचा गुरांचा वैदू राहायचा. सात गावांची गुरं त्याच्या दारात येत. भिवबा दार लावून पाला वाटायचा आणि कुणी काही विचारलंच, तर डोळे वटारायचा. "औषधाचं नाव उघड केलं की त्याचा गुण जातो," असं त्याच्या गुरूनं त्याला शपथ घालून सांगितलं होतं. साऱ्या वैदूंची रीतच होती तशी. लोकही ते खरं मानायचे. मानतील नाहीतर काय? गुरं बरी होत होती ना!

पण भिवबाच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. गुरूला सात औषधं येत होती. अगदी शेवटच्या घटकेला त्यानं ती एकेक करून भिवबाच्या कानात सांगितली. सातवं होतं, व्यायल्यावर बसलेली गाय उठवायचं. "हा पाला घे," गुरू म्हणाला, "आणि त्यात घाल..." आणि संपलं! गुरूनं डोळे मिटले. भिवबाच्या हाती आली ती साडेसहा औषधं.

चाळीस वर्षं त्यानं हे कुणाला कळू दिलं नाही. अशी गाय आली की तो नुसता पाला पाजायचा. गाय काही उठायची नाही. मग मालकाला म्हणायचा, "तिचं आयुष्यच तेवढं होतं रे बाबा," आणि घरी येऊन दोन दोन दिवस जेवायचा नाही.

भिवबाची सून हौसा. आईवेगळ्या कवडीला तिनंच बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. कवडी पहिल्यांदा व्याली, गोजिरी कालवड झाली, सगळं घर हरखलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर कवडी उठेचना. मान टाकून पडलेली.

"मामंजी, लवकर औषध द्या!" हौसा म्हणाली.

भिवबानं पाला पाजला. थोडा वेळ वाट पाहिली. कवडी तशीच. हौसानं सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "पोरी, हे औषध मला अर्धंच येतं गं."

"मग विचारू या की कुणाला तरी!"

"विचारायचं म्हणजे पाला दाखवावा लागेल. मग त्याचा गुण जाईल."

हौसा म्हणाली, "मामंजी, अर्ध्या औषधाला गुण आहेच कुठे जायला?"

त्या दिवशी गावचा बाजार होता. हौसानं पाल्याची डहाळी उचलली, पदर खोचला आणि थेट बाजाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "अहो, माझी गाय व्यायल्यावर बसलीय! या पाल्यात काय घालतात, कुणाला ठाऊक आहे का?"

बाजारात एकच गलका झाला. "वेड लागलं का हिला? वैदूचं गुपित चव्हाट्यावर आणलं!" तेवढ्यात धापा टाकत भिवबा आला. आता हा सुनेला फाडून खाणार, असंच सगळ्यांना वाटलं. भिवबानं पागोटं काढून हातात घेतलं. "तिला बोलू नका," तो म्हणाला. "मला येत नाही, म्हणून ती विचारतेय." शाबास म्हातारबा! चाळीस वर्षांचा मान असा भरबाजारात खाली ठेवणं सोपं नसतं, बरं का.

तेव्हा लोकर विकायला आलेली धनगराची एक म्हातारी पुढे झाली. तिनं पाला हातात घेऊन हुंगला. "याच दुखण्यावर माझ्या बापानं मला एका झाडाची साल सांगितली होती," ती म्हणाली. "कुठल्या पाल्यात घालायची, ते सांगायच्या आधीच तो गेला. मलाही शपथ होती. म्हणून मी कधी कुणाला विचारलंच नाही."

अर्धं औषध गावात, अर्धं डोंगरावर, आणि मधल्या मधे गाई मरत होत्या! सांगा, काय म्हणावं याला?

म्हातारीनं साल आणून दिली. मग तिनं आणि भिवबानं उघड्या अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साल आणि पाला वाटून कवडीला पाजला. गुरं रानातून परतायच्या सुमारास कवडीनं मान उचलली. मागचे पाय झाडले, पुढचे सावरले आणि उभी राहिली! कालवड लगेच दुधासाठी ढुशा द्यायला लागली. हौसानं कवडीच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना.

तो पाला कुठला, असं तुम्ही विचाराल. मला ठाऊक असतं तर मीही सांगून टाकलं असतं. भिवबानं तेच केलं. पुढच्या बाजाराला तो चिंचेखाली सातही औषधं मांडून बसला. येईल त्याला नाव सांगायचा आणि वर विचारायचा, "याहून बरं कुणाला येतं का?" आणि लोकांना येत होतं की! कडू औषध गुराच्या गळी कसं उतरवायचं, ते एका तेलिणीनं दाखवलं. हळूहळू त्या चिंचेखाली सगळंच विचारलं जाऊ लागलं. विहीर कुठे खणावी, बियाणं किडीपासून कसं राखावं. विचारणारी बाई आहे की पुरुष, गावचा आहे की परका, हे कुणी पाहत नसे. गाव असं बहरलं, की पूर्वी आजारी गुरं घेऊन येणारी माणसं आता प्रश्न घेऊन यायला लागली आणि जाताना काहीतरी शिकवून जायला लागली.

पुष्कळ वर्षांनी भिवबा गेला. सातही गावं रडली. पण "आता आमच्या गुरांना कोण बघणार?" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

तर लहानथोर सगळ्यांनीच ध्यानात ठेवा: झाकून ठेवलेली विद्या अर्धीच राहते; मोकळेपणानं विचारली आणि सांगितली, तरच ती पूर्ण होते.